ओल्ड स्पाइसवरून घरात दोन तट

वाचकाचं पत्र

सप्रेम नमस्कार.

मी डोंबिवलीला राहतो, नोकरी अंधेरीला. लोकलनं घाटकोपर आणि पुढे मेट्रो, असा रोजचा प्रवास. माझे वडील दाढी झाली की ओल्ड स्पाइसचं आफ्टर शेव्ह लावायचे, पांढऱ्या काचेच्या बाटलीतलं. ते गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. दिवाळीत अमेरिकेहून आलेल्या मावसभावानं ओल्ड स्पाइसचंच कलोन आणलं. तिकडे पंधरा-वीस डॉलरला मिळतं म्हणाला. मी ते रोज लावायला लागलो आणि मतांचा बाजार भरला.

आई पहिल्या दिवशी स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि नुसती उभी राहिली. मग म्हणाली, "तेच आहे, पण अगदी तेच नाही." बायको म्हणते, माझ्या आजोबांच्या खोलीत शिरल्यासारखं वाटतं, हे लावून माझ्याजवळ येऊ नका. ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्या बाईंना यात दातांच्या दवाखान्याचा वास येतो. दुपारनंतर डोकं दुखतं असंही त्या म्हणाल्या आणि परवा त्यांनी जागा बदलून घेतली. मित्र म्हणतो, स्वस्तातला माल, वीस मिनिटांत उडतो, आठ-नऊ हजारांचा एखादा चांगला परफ्यूम घे. आणि आमचे मोठे साहेब मात्र संध्याकाळी लिफ्टमध्ये भेटले तेव्हा आपणहून म्हणाले, "काय लावलंयस? छान आहे."

मी सकाळी दाढी झाल्यावर तळहातावर घेऊन गालांना आणि मानेला चोळतो. चरचरतं, पण बाबाही असंच करायचे. मला स्वतःला अर्ध्या तासानं काहीच वास येत नाही, म्हणून एका छोट्या फवाऱ्याच्या बाटलीत भरून ऑफिसात नेतो आणि पोचल्यावर व जेवणानंतर पुन्हा मारतो.

यातलं कुणाचं खरं मानू? लावणं सोडून देऊ की सरळ महागाचं काहीतरी घेऊ?

एक वाचक, डोंबिवली


उत्तर

नमस्कार.

तुमच्या पत्रातलं शेवटून तिसरं वाक्य मी आधी घेते, कारण बाकीचा बराचसा गुंता तिथूनच सुरू झाला आहे. अर्ध्या तासानं तुम्हाला वास येत नाही, म्हणून तुम्ही पुन्हा लावता. पण तो वास उडालेला नसतो, तुमचं नाक त्याला सरावलेलं असतं. एकच वास सतत येत राहिला की नाक आणि मेंदू त्याची दखल घेणं सोडून देतात. फोडणी देणाऱ्याला जे जाणवेनासं होतं त्यानं शेजारच्या घरातला माणूस शिंकत असतो, तसंच हे आहे. म्हणून अंगाला लावलेला वास किती उरलाय हे ठरवायला ज्यानं लावलाय तो माणूस सर्वांत कच्चा साक्षीदार. हे तुमच्या एकट्याचं नाही, सगळ्यांच्याच नाकाचं असंच असतं.

याचा परिणाम बघा. सकाळचा थर अंगावर आहेच. त्यावर दहा वाजता दुसरा आणि जेवणानंतर तिसरा. वातानुकूलित खोली, खिडक्या बंद, आणि शेजारच्या बाई तुमच्यापासून हातभर अंतरावर. त्यांनी जागा बदलली यात मला नवल वाटत नाही.

त्यांना दातांचा दवाखाना का आठवला, तेही ऐकण्यासारखं आहे. ओल्ड स्पाइसच्या मसालेदारपणाचा कणा म्हणजे लवंग, आणि लवंगेचा वास मुख्यतः युजेनॉल नावाच्या एका द्रव्याचा. दात दुखला की आपल्याकडे लवंगेच्या तेलाचा बोळा धरतात तो याच युजेनॉलमुळे, आणि दंतवैद्य तात्पुरतं भरण म्हणून झिंक ऑक्साइडमध्ये कालवतात तेही हेच. कित्येक पिढ्यांच्या नाकात दवाखान्याचा वास म्हणून जो बसलाय तो खरं तर युजेनॉलचा आहे. 1998 साली फ्रान्समधल्या काही संशोधकांनी दोन प्रकारच्या माणसांना युजेनॉल हुंगायला दिलं: एक, ज्यांना दातांच्या उपचारांची धास्ती नव्हती, आणि दुसरे, ज्यांना होती. पहिल्यांना तो वास बरा वाटला. दुसऱ्यांना नकोसा झाला, आणि त्यांच्या शरीरानं नोंदवलेल्या प्रतिक्रियाही भीतीच्या होत्या. द्रव्य तेच, बाटली तीच. म्हणजे तुमच्या सहकारी बाई काही ताडून बोलल्या नाहीत, त्यांच्या नाकानं अगदी अचूक ओळख पटवली आहे.

आणि डोकं दुखणं याला मत म्हणू नका. अर्धशिशी असणाऱ्या पुष्कळ लोकांना उग्र वासानं दुखणं उठतं, हे डॉक्टरही सांगतात. आवडनिवडीवर वाद घालता येतो, दुखण्यावर नाही. म्हणून ती छोटी बाटली उद्यापासून घरीच राहू दे, आणि बाईंना आपणहून सांगा, "दुपारचं फवारणं मी बंद केलंय. तरीही त्रास झाला तर सांगा, ऑफिसात लावणारच नाही." एवढं बोललात तरी पुष्कळ आहे. लांबलचक माफी मागत बसलात तर त्यांनाच अवघडल्यासारखं होईल.

आता कुणाचं खरं मानायचं, या तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येते. माझं म्हणणं असं की या पाचही जणांनी खरं तर वेगवेगळ्या गोष्टी हुंगल्या आहेत. बाटलीवरचं नाव एक असलं तरी त्यातून येणारा वास दिवसभरात अनेकदा बदलतो, आणि प्रत्येकाला तो वेगळ्या तासाला, वेगळ्या अंतरावरून, वेगळ्या मात्रेत भेटला.

हे लिहिताना माझ्या एका मनगटावर ओल्ड स्पाइस आहे आणि दुसरं कोरं ठेवलंय. लावताक्षणी आधी अल्कोहोल नाकात जातं. ते विरतं न विरतं तोच संत्र्याच्या सालीचा आणि चक्रीफुलाचा वास, दोन्ही तीक्ष्ण, थोडे चावणारे. मग लवंग, दालचिनी आणि पाठीमागे जायफळ असे एकदम पुढे येतात आणि पंधरा-वीस मिनिटं बाकी कशाला जागाच देत नाहीत. हाच तो काळ ज्यावरून बहुतेक लोक या कलोनबद्दल मत बनवून मोकळे होतात. दुकानात बाटलीचं बूच काढून हुंगणारे तर यापुढे जातच नाहीत. तासाभरानं लवंगेची धार बोथट होते आणि ती फुलाकडे झुकते. ते फूल म्हणजे कार्नेशन. कार्नेशनच्या वासातही मोठा वाटा युजेनॉलचाच, त्यामुळे मसाला कुठे संपला आणि फूल कुठे सुरू झालं हे बोट ठेवून दाखवता येत नाही, आणि मला या कलोनमधलं हेच सर्वांत देखणं काम वाटतं. तीन तासांनी मनगट नाकाला टेकवावं लागतं. तेव्हा उरतो तो व्हॅनिला, ऊद-धुपाच्या जातीचा गोडसरपणा, टोंका नावाच्या झाडाच्या बियांतलं कुमारिन हे गोड वासाचं द्रव्य आणि थोडी कस्तुरी, अर्थात प्रयोगशाळेत बनवलेली. सगळं मिळून पावडरसारखं, ऊबदार आणि अगदी हळू.

हे डोक्यात ठेवून पत्र पुन्हा वाचा. साहेबांना तुम्ही संध्याकाळी भेटलात. जेवणानंतर लावलेला थरही तोवर निवून त्याच्या गोड टप्प्यावर आलेला. लिफ्टमध्ये दोन मिनिटांची गाठ, त्यामुळे डोक्यात जाण्याइतका वेळच नाही. त्यांना या कलोनचा सर्वांत चांगला तास मिळाला. बायकोला तुम्ही सकाळी भेटता, न्हाणीघरातून बाहेर आल्या आल्या, सगळे मसाले एकदम उसळलेले असताना. ऑफिसातल्या बाईंना सर्वांत वाईट वाटा आला: पहिला कडक पाव तास, तोही दिवसातून दोनदा.

मित्राबद्दल थोडक्यात. वीस मिनिटांत उडतो असं त्याला मनापासून वाटत असणार. माणसाच्या नाकात सुमारे 400 प्रकारचे वास-ग्राहक असतात आणि ते सगळ्यांचे सारखे नसतात. कृत्रिम कस्तुरीचे काही प्रकार तर अनेकांना मुळीच येत नाहीत, त्यांच्यापुरते ते बाटलीत नसतातच. मसाल्यांचा जोर ओसरल्यावर त्याला पुढचं काही सापडत नसेल. त्याच्या महागड्या सल्ल्याकडे मी नंतर येते.

बायकोचं मत मात्र मी सर्वांत गंभीरपणे घेईन, आणि तुम्हीही घ्यावं. पत्रात तुम्ही ते इतर चार मतांच्या ओळीत बसवलंय. ते त्या ओळीतलं नाही. साहेबांना तुमचा वास दोन मिनिटं येतो, तिला उशीवरही येतो.

तिला आजोबा का आठवतात? एक कारण सरळ असू शकतं, की आजोबा खरोखरच हे लावत असतील. आपल्याकडे एका पिढीत दाढीनंतर लावायचं म्हणजे तुरटी किंवा ओल्ड स्पाइस, फार पर्याय नव्हते. परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाच्या बॅगेतून निघणाऱ्या ठरलेल्या वस्तूंतही ते असायचं. पण आजोबांनी कधी लावलं नसेल तरी या वासाच्या घडणीतच जुना काळ आहे. न्यूयॉर्कचे विल्यम लाइटफूट शुल्ट्झ यांच्या शुल्टन कंपनीनं 1937 साली हा सुगंध पहिल्यांदा बाजारात आणला तो बायकांसाठी होता. गुलाबाच्या सुकवलेल्या पाकळ्या आणि मसाले बरणीत भरून घरात ठेवायची त्यांच्या आईची पद्धत होती, त्यावरून तो सुचला असं सांगतात. पुरुषांसाठीचा आला पुढच्या वर्षी, 1938 मध्ये, शिडाच्या जहाजाचं चित्र घेऊन. त्या काळच्या सुगंधांना लवंग, कार्नेशन, व्हॅनिला, कुमारिन या मेळाचं फार वेड होतं. आणि व्हॅनिला व कुमारिन एकत्र आले की जो पावडरीचा भास होतो तो आपण टाल्कम पावडरीच्या डब्यांतून, जुन्या कपाटांतून ओळखतो. आजोबांच्या खोलीत पावडरीचा डबा होता की नाही, एवढं तिला विचारून बघा.

शिवाय तिचं नाक वेगळ्या हवेत वाढलं आहे. 1988 साली दाविदॉफचं कूल वॉटर आलं आणि पुरुषांच्या सुगंधाची अख्खी चाल बदलली. लवंग-दालचिनीच्या जागी पाणी, पुदिना, धुतलेले कपडे, समुद्राचा वारा अशा थंड गोष्टी आल्या. आपल्याकडे नव्वदच्या दशकाच्या अखेरीस डिओडरंटच्या फवाऱ्यांची लाट आली तीही त्याच वळणाची. त्या वयात ज्यांची नाकं घडली त्यांच्या लेखी स्वच्छ, तरुण पुरुष म्हणजे तो थंड वास, आणि उष्ण मसालेदार वास म्हणजे मागच्या पिढीतलं माणूस. यात मागास किंवा पुढारलेलं काही नाही. कोणत्या वयात कोणता वास कुणाच्या अंगावर भेटला, एवढाच प्रश्न आहे. नवऱ्याच्या अंगाला आजोबांचा वास नको वाटणं मला तर फार स्वाभाविक वाटतं. आजोबा कितीही लाडके असले तरी.

तेव्हा घरात तिचं मत अखेरचं, असं ठरवून टाका. "तुला कळत नाही, साहेबांना आवडलं" हे वाक्य कृपा करून बोलू नका, आणि आधी बोलला असाल तर परत नको. फक्त एक विनंती तिला जरूर करा. सुट्टीच्या दिवशी सकाळी अगदी थोडं लावा, दुपारी जेवणं झाल्यावर तिला मनगट हुंगायला सांगा, आणि तेच कलोन आहे हे आधीच सांगून टाका. लपवून परीक्षा घेण्यात अर्थ नाही, संशय तेवढा वाढेल. तिसऱ्या तासाचा वास तिला अजून कधी शांतपणे भेटलेलाच नाही. भेटल्यावरही ती नको म्हणाली तर मात्र विषय संपला.

आईंचं वाक्य वाचून मी थोडी थांबले. "तेच आहे, पण अगदी तेच नाही." त्यांचं नाक फार चांगलं आहे, त्या अक्षरशः बरोबर बोलल्या. तुमचे बाबा लावायचे ते आफ्टर शेव्ह, भारतात विकलं जाणारं. तुमच्याकडे आहे ते अमेरिकेतलं कलोन. 1990 साली प्रॉक्टर अँड गॅम्बलनं हा ब्रँड विकत घेतला, पुढे तिकडे काचेच्या जागी प्लॅस्टिकची बाटली आली, आणि जुन्या वापरणाऱ्यांपैकी बरेच जण म्हणतात की वासही पातळ झाला, लवंग-व्हॅनिलाचा तळ पूर्वीसारखा भरलेला राहिला नाही. अमेरिकेतले काही शौकीन तर भारतात बनलेलं ओल्ड स्पाइस मुद्दाम मागवतात, कारण ते त्यांना जुन्याच्या जास्त जवळचं वाटतं. सुगंधी द्रव्यांवरचे नियमही गेल्या काही दशकांत कडक झाले आहेत, त्यामुळे जुन्या काळचा जवळजवळ कोणताही सुगंध आज तंतोतंत तसाच मिळत नाही. लोकांची मतं जुळत नाहीत याचं हेही एक मोठं कारण: एक जण 1975 च्या बाटलीबद्दल बोलत असतो, दुसरा गेल्या महिन्यात घेतलेल्या, आणि दोघांनाही वाटतं आपण एकाच वस्तूबद्दल भांडतोय.

आईंना त्या वासानं बरं वाटलं की गलबलून आलं, हे तुमच्या पत्रातून मला कळलं नाही, आणि तुम्हालाही कळलेलं नसावं असं वाटतं. वासाचा निरोप मेंदूत भावना आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागांपर्यंत फार जवळच्या वाटेनं जातो, म्हणून तो असा अचानक गाठतो, तयारीला वेळच देत नाही. काहींना तो वास रोज घरात हवासा वाटतो. काहींना रोज सकाळी माणूस आल्याचा भास होऊन मग ते नाहीच हे पुन्हा कळणं सोसत नाही. तेव्हा त्यांना सरळ विचारा, "आई, मी हे लावलेलं तुला चालतं का?" त्या "मला काय, लाव की" म्हणतील. त्यावर थांबू नका, थोड्या दिवसांनी पुन्हा विचारा.

आता स्वस्ताबद्दल. मित्राच्या बोलण्यातला हा भाग मला मान्य नाही, आणि यावर जरा सविस्तर बोलायला हवं, कारण स्वस्त म्हणजे हलकं हा समज सुगंधाच्या बाबतीत फार पसरलेला आहे. काही वास मुळातच महाग असतात. एक किलो गुलाबतेल काढायला साडेतीन-चार टन पाकळ्या लागतात, म्हणून स्वस्तातला गुलाब बहुधा पहिल्याच हुंगण्यात उघडा पडतो. जाई, अगरूचं लाकूड, आयरिसचं मूळ यांचंही तसंच. पण मसालेदार उष्ण सुगंधाचं सामान बघा. लवंगेचं तेल स्वस्त. संत्र्याच्या सालीचं तेल रसाच्या कारखान्यांतून निघतं, तेही स्वस्त. कुमारिन 1868 सालापासून आणि व्हॅनिलिन, म्हणजे व्हॅनिलाला त्याचा वास देणारं द्रव्य, 1874 सालापासून प्रयोगशाळेत बनवता येतं. व्हॅनिलिन तर पुढे कित्येक वर्षं लवंगेतल्या युजेनॉलपासूनच तयार करत, म्हणजे तुमच्या बाटलीतले हे दोन वास मुळात एका घरातले. अशा सामानातून थोड्या पैशांत खरोखर चांगला सुगंध उभा करता येतो, आणि ओल्ड स्पाइस हे त्याचं मला ठाऊक असलेलं सर्वांत उत्तम उदाहरण आहे. एस्टी लॉडरचं यूथ ड्यू 1953 चं, इव्ह सां लॉराँचं ओपियम 1977 चं. दोन्ही बायकांचे, नावाजलेले, आणि दोन्हींची नाळ याच लवंग, दालचिनी, ऊद, व्हॅनिलाच्या कुळाशी जुळते. हुंगून बघितलंत तर ओळख पटेल.

स्वस्तपणा दिसतो तो दुसरीकडे. कलोनमध्ये सुगंधी तेलाचं प्रमाण कमी असतं, साधारण 2 ते 5 टक्के. महागड्या ओ द पार्फ्यूममध्ये, म्हणजे कलोनपेक्षा दाट प्रकारात, ते 15-20 टक्क्यांपर्यंत जातं. म्हणून कलोनचा पहिला भर लवकर ओसरतो. तो दोष नाही, त्याची जातच ती. नऊ हजारांच्या बाटलीत टिकाऊपणा मिळेल, पण तुमच्या पत्रातली एकही अडचण कमी टिकण्यातून आलेली नाही. तुमच्या सवयीनं तीच बाटली दिवसातून तीनदा मारलीत तर ऑफिसातल्या आणखी दोन-तीन जणांना जागा बदलावी लागेल.

मग लावायचं कसं? आधी गाल सोडा. बाबा लावायचे ते आफ्टर शेव्ह, त्यात सुगंधाचं प्रमाण कलोनपेक्षा बहुधा आणखी कमी असतं आणि ते दाढीनंतर लावण्यासाठीच बनवलेलं असतं. कलोन ताज्या दाढीवर चोळायची वस्तू नाही. चरचरतं ते मुख्यतः अल्कोहोलमुळे: उष्णता ओळखणाऱ्या त्वचेतल्या मज्जातंतूंना ते इतकं हळवं करतं की अंगाची नेहमीची ऊबही त्यांना भाजल्यासारखी वाटते. त्यानं जंतू मरून दाढी निरोगी राहते अशी समजूत आहे, पण चरचरणं हा काही औषध लागू पडल्याचा पुरावा नव्हे. शिवाय दालचिनीतलं सिनामाल्डिहाइड आणि लवंगेतलं युजेनॉल ही दोन्ही द्रव्यं काहींच्या त्वचेला बाधतात. युरोपात ज्या 26 सुगंधी द्रव्यांची नावं वेष्टनावर छापणं 2005 पासून सक्तीचं झालं त्यांत ही दोन्ही होती. गालांवर किंवा मानेवर लाली, खाज, बारीक पुरळ दिसलं तर लगेच बंद करा आणि त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

आंघोळ झाल्यावर, अंग कोरडं करून, सदरा चढवायच्या आधी तळहातावर अगदी थोडं घ्या, पाव चमचाही नको, आणि छातीवर टेकवा. चोळू नका. वर सदरा आला की पहिला कडक भर कापडात अडतो आणि बाहेर येतो तो हळूहळू, अंगाच्या उबेनं. निघायच्या अर्धा तास आधी हे उरकलंत तर लोकलमधल्या लोकांपर्यंत मसाले नाही, मागचा गोडवा पोचेल. सकाळी साडेआठच्या डब्यात माणसाला मान वळवायला जागा नसते, शेजारच्यानं तुमचा वास निवडलेला नसतो, हे भान फार आवश्यक आहे. त्वचा फार कोरडी असेल तर लावण्याआधी तिथे खोबरेल तेलाचा नुसता हात फिरवा, वास जास्त वेळ धरून राहतो. पांढऱ्या कपड्यावर थेट टाकू नका, व्हॅनिलाचा पिवळट डाग पडू शकतो. आणि एप्रिल-मेमध्ये बाटली कपाटातच राहू दे. मुंबईच्या दमट उकाड्यात घामाबरोबर दालचिनी-व्हॅनिला म्हणजे गुदमरवणारा प्रकार होतो. पावसाची झड लागलेले दिवस आणि डिसेंबर-जानेवारी हा त्याचा खरा हंगाम. बाटली न्हाणीघरात ठेवत असाल तर तिथून हलवा, उष्णता आणि प्रकाश यांनी ती लवकर खराब होते.

आता निर्णय. माझा सल्ला असा की हे अमेरिकन कलोन सध्या बाजूला ठेवा, आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून आपल्याकडचं ओल्ड स्पाइसचं ओरिजिनल आफ्टर शेव्ह आणा. लहान बाटली घ्या, काहीशे रुपयांत येईल. ओरिजिनल असं बघून घ्या, मस्क आणि लाइमचे प्रकार वेगळे आहेत. तुम्हाला बाबांचा वास हवा होता ना? तो या बाटलीच्या जास्त जवळ आहे, आणि आईंच्या नाकाकडून तुम्ही त्याची खात्री करून घेऊ शकता. ते दाढीनंतर लावायचंच आहे, गालांना कलोनइतका त्रास बहुधा होणार नाही. वास हलका, तास-दोन तासांत अंगाशी येऊन बसणारा, म्हणजे ऑफिसात पोचेपर्यंत फक्त तुमच्या सदऱ्याच्या आत उरलेला. रविवारी, सणावाराला, आईंबरोबर बाहेर जाताना लावा. कामाच्या दिवशी लावायचं की नाही ते शेजारच्या टेबलावरच्या बाईंशी बोलून ठरवा.

आणि बायकोजवळ जाताना वेगळं काहीतरी हवंच असेल तर मित्राच्या सांगण्यावरून बाटली आणू नका. तिला घेऊन दुकानात जा. तिनं निवडलेले दोन वास तुमच्या दोन मनगटांवर लावून घ्या, काही विकत न घेता दोघं बाहेर पडा, कुठेतरी जेवा, आणि तीन तासांनी तिला विचारा कोणतं मनगट. तिनं दोन्ही नको म्हटलं तर साबणाच्या वासावरही घर उत्तम चालतं.